नुसता आकडा पुरत नाही

हैदराबादेत येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, पण घरची बोली अजून दुहेरीच. सासूबाईंशी, म्हणजे अव्वांशी, कानडी आणि मुलांशी मराठी. कानडीत 'हाल' म्हणजे दूध आणि मराठीत हाल म्हणजे त्रास! भाषा कुठली हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. आकड्यांचंही तसंच असतं.

मागे एका नातेवाइकाने अव्वांसाठी परदेशातून रक्तदाबाचं यंत्र पाठवलं. पहिल्याच दिवशी त्यावर १९.३ आणि १२.० असे आकडे आले. "एष्टु बंतु?" अव्वांनी विचारलं. ऐकून त्या खूश! डॉक्टर नेहमी दीडशेच्या आसपास सांगायचे, इथे वीससुद्धा नाहीत. "इन्न गुळिगी ब्याड," म्हणत त्यांनी गोळ्यांची डबी बाजूला सारली.

यंत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, किलोपास्कलची. आपले डॉक्टर रक्तदाब सांगतात तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. १ किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर. गुणाकार केला तर आले १४५ आणि ९०. दाब उतरला नव्हताच. अव्वांना समजावलं आणि गोळी चालू राहिली.

हे पाऱ्याचं माप आलं जुन्या यंत्रातून. काचेच्या नळीत पारा किती मिलिमीटर चढला, तो दाब. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून लहान नळी पुरते. पाणी वापरलं असतं तर १२० चा दाब मोजायला दीड मीटरहून उंच नळी लागली असती! पास्कल हे नाव सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं. ते एककाला १९७१ साली मिळालं.

गाडीच्या चाकातही हाच प्रकार. पंपावरचा मुलगा ३२ पीएसआय हवा भरतो, तीच किलोपास्कलमध्ये सुमारे २२० होते आणि बारमध्ये २.२. हवा तेवढीच.

तेव्हा मंडळी, घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब वहीत लिहिताना आकड्यापुढे माप जरूर लिहा. पुष्कळ यंत्रांत माप बदलण्याची सोय असते, ती एकदा पाहून घ्या. गावाहून कुणी फोनवर आकडा सांगितला तर आधी विचारा, "कशात?" आणि आकडा कितीही चांगला दिसला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.