न छेडलेला गंधार

तानपुऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. गंधाराची तार त्यात नाही. तरीही पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "गंधार ऐकू येतोय का गं?" वर्गात आम्ही सात जणी होतो. सातही जणींनी माना हलवल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

संगीतात पदवी घेताना आमच्या वेळापत्रकात तीन रकाने होते. सकाळी गायन, दुपारी संगीतशास्त्र आणि आठवड्यातून दोनदा ध्वनिमुद्रण. वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, वह्याही वेगळ्या. या तीन वह्यांत एकच गोष्ट लिहिलेली आहे हे कळायला मला तिन्ही वर्षं लागली.

बंदिशीला हात घालण्याआधी बाई अर्धा तास तानपुरा लावून घ्यायच्या. आधी खुंटी पिळायची, मग भोपळ्यावरचा मणी सरकवून बारीक फरक काढायचा आणि शेवटी घोडीवर तारेखाली असलेला सुती दोरा केसभर पुढे-मागे करायचा. दोरा नेमक्या जागी आला की तारेचा कोरडा टणत्कार जातो आणि ती गुंजायला लागते. दिवाळीनंतरच्या एका सकाळी दोरा असाच सरकवत असताना खर्जाच्या तारेतून वर एक बारीक, स्वच्छ स्वर तरंगला. खोलीत कुणी गात नव्हतं. "हाच तो," बाई म्हणाल्या. "आता त्यात आवाज मिसळ. तुझा तुला वेगळा ऐकू येईनासा झाला, की लागला म्हणायचा." भूपातला तो गंधार तसा लागायला पुढचे दोन महिने गेले.

दुपारच्या तासाला संगीतशास्त्रकार भातखंडे यांची पद्धत शिकवली जायची. त्यांनी राग दहा थाटांत बसवले. त्यात भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात. दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. पण भूप गंधारावर विसावतो आणि देसकार धैवतावर, आणि तेवढ्याने चेहरा पालटतो. नुसत्या स्वरांच्या यादीतून राग हाती येत नाही, हे मी त्या तासाला शिकले. हार्मोनियमचा वादही तिथेच कळला. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये या वाद्यावर घातलेली बंदी तीन दशकं टिकली. त्यामागे बरीच कारणं होती. त्यातलं एक असं, की पेटीच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि तिचा शुद्ध गंधार त्यामुळे थोडा चढा असतो. तानपुऱ्यातला गंधार षड्जाशी ५:४ या नात्याने येतो. सेंटच्या मापात तो ३८६, पेटीचा ४००. हे आकडे मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि वही मिटली.

तिसऱ्या वर्षी भूपाचं ध्वनिमुद्रण सादर करायचं होतं. संगणकाच्या पडद्यावर माझ्या स्वराची रेघ दर वेळी गंधाराच्या आडव्या रेषेखाली दिसायची. मी घाबरले. स्वर सुधारणारी सोय वापरली, रेघ बरोबर रेषेवर बसवली आणि बाईंना ऐकवायला नेलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी हात वर केला. "गंधार चढलाय. हा तुझा गंधार नाही." मी पडदा दाखवायला लागले. त्यांनी तानपुरा माझ्याकडे सरकवला. "याला विचार."

त्या रात्री मी तिन्ही वह्या एकत्र उघडल्या. माझी पट्टी काळी चार. तिच्या खर्जाची कंपनं सेकंदाला सुमारे १०४. तार छेडली की मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे नादही उमटतात. त्यांतला पाचवा, सुमारे ५१९ कंपनांचा, हाच तो न छेडलेला गंधार. पेटीवर त्याच सप्तकातला गंधार ५२३. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज सेकंदाला चार वेळा हेलकावतो. मी वाजवले, आणि तो हेलकावा छातीत जाणवला. घोडीच्या पसरट पाठीवर तार हलकेच घासते तेव्हा हे वरचे नाद इतके ठळक का होतात, याचा शोध सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या एका निबंधात घेतला होता. बाईंचा सुती दोरा आणि रामन यांचा निबंध एकाच घोडीपाशी येऊन थांबत होते.

यंत्राने काही लपवलं नव्हतं. बारा समान भाग त्याला आधीच आखून दिलेले होते आणि त्याने मला त्यांत बसवलं. ३८६ हा आकडा वर्षभर माझ्या वहीत होता. पण मी तो कधी कानाने ऐकला नव्हता, आणि कानाने ऐकलेला गंधार कधी मोजला नव्हता. मी दुरुस्ती काढून टाकली आणि मूळ गाणं सादर केलं.

आता मी शिकवते. मुलांकडे फोनमध्ये तानपुरा आहे, कंपनं दाखवणारी ॲप आहेत आणि ती मलाही लागतात. मात्र क्रम मी कटाक्षाने पाळते. पहिले काही महिने पडदा बंद. लाकडाचा तानपुरा, खुंटी, मणी, दोरा. कानाला गंधार सापडला की मगच त्याचा आलेख दाखवते आणि त्यानंतर ५:४ फळ्यावर लिहिते. आधी आलेख दाखवला तर मूल रेघ गाठायला गातं आणि डोळा कानाची जागा घेतो. आधी ऐकलेलं असलं तर तोच आलेख त्याला ओळखीचा वाटतो.

परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलाने तानपुरा छेडता छेडता मान वर केली आणि मागे वळून बघितलं. "ताई, ग कोण लावतंय?"

कुणीच लावत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "छेडत राहा."