मेलरोझची चित्रे

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, केन नदीच्या काठी, मेलरोझ नावाचा एक जुना कापसाचा मळा आहे. विशाल वृक्षांची छाया आणि रुंद पडवीचा प्रशस्त वाडा पाहून येथे सदैव सुखच नांदले असावे, असा भास होतो. परंतु कापूस शुभ्र असला, तरी त्याचा इतिहास तितका निष्कलंक नसतो.

१७९६ साली ही जमीन लुई मेतोये यास मिळाली. त्याची आई मारी तेरेझ हिचा जन्म गुलामगिरीत झाला होता. १७७८ साली ती मुक्त झाली. मनुष्यस्वभावाची विसंगती अशी, की दास्याचे दुःख ज्या घराण्याने भोगले, त्यानेच पुढे या मळ्यावर गुलाम राबविले! १८४७ साली मळा परक्या हाती गेला. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण कापूस वेचणाऱ्यांचे कष्ट मात्र संपले नाहीत.

या कष्टकऱ्यांतच क्लेमेंटाइन हंटर ही कृष्णवर्णीय स्त्री होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने वर्षानुवर्षे कापूस वेचला आणि पुढे वाड्यातील स्वयंपाकघर सांभाळले. मालकीणबाईंकडे लेखक-चित्रकारांची ये-जा असे. पन्नाशी उलटल्यावर, एका चित्रकाराने मागे ठेवलेले रंग तिच्या हाती आले आणि दिवसभराचे काम आटोपून ती रात्री चित्रे काढू लागली. खिडकीचा जुना पडदा, पुठ्ठा, रिकामी बाटली, काहीही तिला चाले.

मळ्यात छत्रीसारख्या छपराचे ‘आफ्रिकन हाउस’ आहे. १९५५ साली तिने त्याच्या माडीवर मळ्याचे सारे जीवन रंगविले. कापसाची वेचणी, धुण्याचा दिवस, लग्न, अंत्ययात्रा. कागदपत्रांनी ज्यांची दखल घेतली नाही, ती माणसे तेथे प्रकट झाली. त्याच वर्षी जवळच्या महाविद्यालयात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पण गोऱ्या प्रेक्षकांसमवेत तिला प्रवेश नव्हता. दालन बंद असताना, कोणाच्या नकळत, तिला आपलीच चित्रे पाहावी लागली. १९८६ साली त्याच संस्थेने तिला सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. १९८८ साली, वयाची शंभरी ओलांडून, तिने देह ठेवला.

१९७४ साली मेलरोझला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. वाड्याच्या भिंती मळ्याच्या धन्यांचे वैभव सांगतात. ते वैभव कोणाच्या श्रमांतून उभे राहिले, हे मात्र त्या स्वयंपाकिणीची चित्रे सांगतात.