देखरेख

शिक्षा ह्या शब्दाची गंमत अशी कीं, मराठींत तो छडीची आठवण करून देतो आणि हिंदींत पाटीपुस्तकाची. नांदेडसारख्या गांवीं, जेथें मराठी, हिंदी, पंजाबी, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारांत खांद्याला खांदा लावून वावरतात, तेथें ही द्व्यर्थता वारंवार कानांवर पडते. न्यायाधीशानें दिलेली शिक्षा हिंदी अर्थानेंही शिक्षा व्हावी, ही सज्जनांची आशा जुनीच आहे. आतां ती कायद्यांत येऊन बसली आहे.

१८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली. फांशी, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि दंड ह्या जुन्या पंक्तींत समाजसेवेचें एक पान तीत नव्यानें वाढण्यांत आलें आहे. पांच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी करून ती भरून देणारा, नशेंत चारचौघांत धिंगाणा घालणारा, दुसऱ्याच्या अब्रूला धक्का लावणारा, अशांसाठीं ही तरतूद आहे. काम समाजाच्या उपयोगाचें असावें आणि त्याचा मोबदला मिळूं नये, एवढी तिची व्याख्या. इंग्लंडनें हीच वाट १९७२ च्या कायद्यानें धरली आणि ४० ते २४० तासांची मर्यादा आंखून दिली. आमच्या संहितेनें तासांचा हिशेब मोकळा सोडला आहे.

परंतु हुकूम लिहिणारा हात आणि झाडू धरणारा हात ह्यांच्यामध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो. तो म्हणजे देखरेख करणारा. त्याच्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. आणि माझ्या मतें सारें यश त्याच्यावरच अवलंबून आहे.

अपराध्यांवर नव्हे, पण विद्यार्थ्यांच्या श्रमदानावर देखरेख करण्यांत माझीं कांहीं वर्षें गेलीं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचीं मुलें गोदावरीच्या घाटावर निर्माल्य गोळा करीत असतां मीं एक गोष्ट पाहिली. मास्तर नोंदवही घेऊन सावलींत उभे राहिले कीं, मुलांचें लक्ष कचऱ्यापेक्षां घड्याळाकडे अधिक जातें. मास्तरांनीं घमेलें उचललें कीं तींच मुलें निमूटपणें कामाला लागतात. एकदां महाविद्यालयाचें आवार झाडणारी मुलें पाहून तेथील सफाईच्या बाईंनीं मला विचारलें, "सर, ह्या लेकरांनी काय गुन्हा केलाय म्हणून झाडायला लावलंत?" गुन्हा नाहीं, सेवा आहे, असें मीं सांगितलें. त्या हंसल्या आणि आपला झाडू घेऊन पुढें गेल्या.

तो प्रश्न मला नव्या कायद्याच्या संदर्भांत पुन्हा पुन्हा आठवतो. रुग्णालयाचें अंगण महिनाभर झाडणें ही जर एखाद्या मद्यप्याची शिक्षा असेल, तर तेंच अंगण वीस वर्षें झाडणाऱ्या बाईंनीं कोणता अपराध केला होता? ज्या देशांत कांहीं कामें जन्मावरून माणसांच्या गळ्यांत बांधलीं गेलीं, तेथें काम हीच शिक्षा ठरविणें धोक्याचें आहे. मे २०२४ मध्यें पुण्यांत एका मोटारीनें दोन तरुण जीव घेतले. त्या प्रकरणांतील अल्पवयीन मुलाला जामीन देतांना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. लोक संतापले, तें दोन जिवांची किंमत इतकी स्वस्त पाहून. तो हुकूम तीनच दिवसांत फिरला. निबंध शिकविण्यांत हयात घालविलेल्या मला मात्र आणखी एक शल्य राहिलें: लेखनही आतां दंडाच्या यादींत गेलें!

ह्याचा उलगडा मला गांवांतल्याच एका ठिकाणीं होतो. सचखंड श्री हुजूर साहिबाच्या लंगरांत पाहावें. सधन व्यापारी आणि अनवाणी यात्रेकरू शेजारीं बसून भांडीं घासतात. कोणी भाविकांचे जोडे पुसतो. शीख पंथांत धर्माचा नियम मोडणाऱ्यास 'तनखाह' म्हणून हींच कामें सांगण्याची रीत आहे. त्यांत मानहानि नाहीं, कारण तेंच काम शेजारचा निरपराध मनुष्य आनंदानें करीत असतो. दोषी मनुष्य पंक्तीबाहेर काढला जात नाहीं. उलट पंक्तींत बसविला जातो.

भिंतीवांचून देखरेख होऊं शकते, ह्याचाही दाखला महाराष्ट्रांत आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यांत, मॉरिस फ्रिडमन ह्यांच्या प्रेरणेनें, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. तेथें कैदी कुटुंबासह राहून शेती करूं लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरूनच स्फुरला. तेथें पहारा होता तो मुख्यतः विश्वासाचा. आणि विश्वास टाकणाऱ्याला पहारेकऱ्यापेक्षां अधिक जागें राहावें लागतें.

म्हणून उद्यां न्यायालयानें असा एखादा मनुष्य एखाद्या शाळेच्या, रुग्णालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वाधीन केला, तर तेथील प्रमुखांनीं हजेरीपट उघडण्याआधीं दोन झाडू आणवावे. एक त्याच्या हातीं द्यावा, दुसरा स्वतः घ्यावा. आणि काम कसें करावयाचें, हें त्या दोघांनाही सफाईच्या बाईंनीं शिकवावें.