जीपचं वय आणि जीपचा धूर

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. निम्म्या गावाच्या दारात अशी एखादी उभी आहे म्हणून.

आमची डिझेल जीप २००६ ची, म्हणजे बीएस-२. पहिली १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी रिपासिंग. २०२१ ला केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ ला ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या चारचाकीला १०,०००. पर्यावरण कर, विमा, पीयूसी वेगळं. येत्या सप्टेंबरात आमची मुदत संपते. टळली तर महिन्याला ५०० जादा.

दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून १० वर्षांवरच्या डिझेल गाडीला पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं होतं. ओरड झाली, काही दिवसांतच थांबवलं. आपल्याकडं तशी वयाची बंदी नाही, पण वारं तिकडचंच आहे.

माझं म्हणणं, वयापेक्षा धूर बघा आणि गाडी किती फिरते ते बघा. जीप वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा पळत नाही. दुधाचे कॅन, पेंड, आणि रात्री-अपरात्री वस्तीवरचं कुणी आजारी पडलं तर तालुक्याला न्यायला तीच. पण बीएस-२ चं इंजिन नव्यापेक्षा कितीतरी जास्त काजळी सोडतं हेही खरं. मागं बसलेली आपलीच पोरं असतात.

पोरगं म्हणतं भंगारात देऊन नवी घेऊ. हप्त्याचं सोडा, बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी लांब, चांगल्या वेगानं पळायला लागते, तेव्हा काजळी आत जळते. आमचा रस्ता १४ किलोमीटर, निम्मा खड्ड्याचा. जाळी चोंदायचीच. काही गाड्यांना तर ३२.५ टक्के युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं. (आपला निमकोटेड युरिया त्यात चालत नाही बरं का, कुणी प्रयोग करू नका.)

म्हणून मी रिपासिंगच करणार. बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू, बीएस-४ ला ५०. आमचा फिटर सांगतो ते ट्रॅक्टरलाही लागू आहे: काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर, मग नोझल बघा. निळा आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या असतील. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल अर्धवट जळतंय नाहीतर पाणी आत येतंय. आमचा काळा आहे. नोझल काल तपासायला दिलेत.

२० वर्षांवरच्या गाडीचं रिपासिंग कुणी केलं असेल तर सगळं धरून किती खर्च आला, खाली लिहा. सप्टेंबरच्या आत पैशाची जुळणी करायची आहे.