माप घेतलं, पण बोलले नाही!

आपल्याकडे थंडी पडली की शेकोटी, नाहीतर गोधडी. इथे इंग्लंडात मात्र सबंध घरच गरम ठेवावं लागतं. आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गॅसचा बॉयलर आहे. त्यात तापलेलं पाणी पंपाच्या जोरावर तांब्याच्या नळांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत जातं, खोली ऊबदार करतं आणि निवलं की परतीच्या नळाने पुन्हा बॉयलरकडे येतं. तेच ते पाणी सारखं फिरत राहतं. लग्न होऊन आले तेव्हा मला याची भारी गंमत वाटायची. ती गंमत गेल्या डिसेंबरात पुरती उतरली.

सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना दिलेली मागची खोली काही केल्या तापेना. रेडिएटर वरून गरम आणि खाली गारढोण! वरचा भाग गार असेल तर आत हवा अडकलेली असते, ती किल्लीने काढून टाकता येते, एवढं मला ठाऊक होतं. इथे तर सगळं उलटंच. प्लंबरने पाहिलं आणि सांगितलं, "आत गाळ साचलाय." रेडिएटर पोलादी पत्र्याचे असतात. ते आतून गंजतात, त्याची काळी बारीक पूड पाण्याबरोबर फिरते आणि तळाशी बसते. यावर उपाय म्हणजे सगळी यंत्रणा धुऊन काढायची आणि परतीच्या नळावर, बॉयलरच्या अलीकडे, लोहचुंबकाचा फिल्टर बसवायचा. पुढे सुटणारी पूड मग त्या चुंबकाला चिकटते. वर्षातून एकदा तो उघडून साफ केला की झालं.

"फिल्टर मी आणतो," हे म्हणाले. सवलतीत मिळाला म्हणून स्वारी खुशीत होती. खोक्यावर आकडा होता, 22 मिलिमीटर.

त्या रात्री ओटा पुसताना माझी नजर त्या नळावर गेली. जरा जाडच वाटला. शिवणाच्या डब्यातली टेप काढून नळाभोवती गुंडाळली. घेर भरला 88 मिलिमीटर. आठवड्यातून तीन सकाळी मी शाळेत मुलांना गणित शिकवते, तेव्हा पुढचा हिशोब तोंडीच झाला. घेराला 3.14 ने भागलं की नळाची रुंदी. आली 28! नळ 22 चा असता तर घेर जेमतेम 69 भरला असता.

आणि मी काय केलं? टेप गुंडाळून डब्यात ठेवली! नळ, बॉयलर, मोटार ही ह्यांची खाती. मुलं, पाहुणे, स्वयंपाक ही माझी. शिवाय मी बी.ए., तेही मराठी घेऊन. इंजिनिअर नवऱ्याला नळाचं माप काय सांगायचं? म्हटलं, जोडायला काहीतरी सोय असेलच.

शनिवारी प्लंबर आला. सकाळभर सगळे रेडिएटर धुतले. काळंकुट्ट पाणी निघालं, अगदी शाईसारखं! मग त्याने परतीचा नळ कापला, खोकं उघडलं आणि थबकला. म्हणाला, "हा लहान आहे. मला वाटलं, माप बघूनच आणलाय."

"मग लहानमोठं जोडणारा तुकडा लावा ना," हे म्हणाले.

"लावता येईल. पुष्कळ घरांत चालूनही जातं. पण पाण्याची वाट तिथे अरुंद होणार, आणि तुमची लांबची खोली आधीच गार आहे."

मी मनात हिशोब केला. नळाच्या आतली जागा धरली तर 22 च्या नळातली वाट 28 च्या वाटेच्या तीनपंचमांशच भरते. न राहवून बोलले, "नको. बदलूनच आणू या. मी मापलं होतं, तो 28 चाच आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कधी मापलंस?"

"मंगळवारी."

"मग बोलली का नाहीस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दुकान उघडणार सोमवारी. दोन रात्री घर बर्फासारखं. एक विजेची शेगडी सासूबाईंच्या खोलीत ठेवली आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती रजया पांघरून बसलो. ह्यांचा राग शेगडीपाशी बसल्याबसल्या निवला. माझी टोचणी मात्र जाईना.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, कुकरची रिंग आणायला जाताना जुनी रिंग पिशवीत घालून नेतेस ना? तेव्हा कुणाची परवानगी विचारतेस का?"

सोमवारी 28 चा फिल्टर बसला. संध्याकाळी सासूबाईंनी रेडिएटरच्या तळाशी तळवा टेकवला आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

मैत्रिणींनो, बॉयलर तुमच्या घरी नसेल, पण नळ तर आहेत! गच्चीवरच्या टाकीला फिल्टर घ्याल, गीझर बदलाल, तेव्हा हे ध्यानात असू द्या. इथल्या तांब्याच्या नळांची 15, 22, 28 ही मापं बाहेरच्या रुंदीची असतात. आपल्याकडचा पाऊण इंची लोखंडी नळ मात्र बाहेरून मोजला तर इंचाहूनही थोडा जास्तच भरतो. म्हणून नुसत्या टेपेवर विसंबू नका. जुना तुकडा किंवा जोड दुकानात न्या, आणि वस्तू घरी आली की नळ कापण्याआधी खोकं उघडून माप ताडून पाहा.

आणि माप चुकलेलं दिसलं, तर त्याच दिवशी सांगा. मी चार दिवस गप्प बसले, आणि दोन रात्री सगळं घर कुडकुडलं.