तंबोऱ्याच्या तारा कुठं गेल्या?

मिरजेत ज्यांच्याकडे माझा तंबोरा जवारीसाठी जातो, त्या चाचांचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. "साहेब, फोटो टाकला काल. धारवाडहून एका बाईंनी विचारलंय, तारा लावायच्या राहिल्यात का?"

चाचांच्या नव्या तंबोऱ्याचा तो फोटो माझ्या भाच्यानं काढला होता. तो कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशिनवर काम करतो आणि रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एका महापालिकेत आहेत. दुचाकीवर वीस मिनिटांत आम्ही चाचांच्या दारात असतो. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी पटवर्धनांच्या संस्थानी मिरजेत वाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशे वर्षं कधीच उलटून गेली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिऱ्हाईक मात्र आता आधी फोनवर फोटो बघतं आणि मग गाडीत बसतं. त्यामुळे तारा नसलेला फोटो ही चाचांसाठी साधी गोष्ट नव्हती. दोन महिन्यांची मेहनत अर्धवट दिसत होती.

चूक माझी होती. भाच्यानं मला मूळ फाइल दिली होती, सहा हजार बाय चार हजार पिक्सेलची. मी ती चॅटवरून चाचांना नेहमीच्या फोटोसारखी पाठवली. वाटेत ती आक्रसली. चाचांच्या मुलानं तीच इन्स्टाग्रामवर चढवली, तिथं पुन्हा आक्रसली.

संध्याकाळी पाळी संपवून भाचा तसाच मिरजेला आला. खिशात मायक्रोमीटर होता. चाचांकडून पोलादी तारेचा तुकडा मागून घेऊन त्यानं तो मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला आणि आकडा वाचला: ०.३० मिलिमीटर. मग टेप लावून तंबोरा मोजला. भोपळ्याच्या बुडापासून दांडीच्या टोकापर्यंत १४०० मिलिमीटर भरले.

"मामा, आता हिशोब बघा," तो म्हणाला. इन्स्टाग्रामवरचा आपला उभा फोटो १०८० बाय १३५० पिक्सेलचा. वर-खाली थोडी जागा सोडली, तर तंबोऱ्याच्या वाट्याला १३०० ठिपके येतात. म्हणजे एका ठिपक्यात एक मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड मावतं. तार त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही नाही. फोटो लहान करणारा प्रोग्राम शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. एक भाग तार, तीन भाग तपकिरी पॉलिश, म्हणून ठिपका तपकिरीच उरतो. मूळ फाइलमध्ये मात्र एका ठिपक्याला पाव मिलिमीटर येत होतं, म्हणजे तारेला स्वतःचा ठिपका होता. त्यावर जेपेगची कात्री वेगळी. १९९२ च्या त्या मानकात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि जागा वाचवायला आधी बारीक तपशील टाकून देतात. आमचा फोटो त्या कात्रीखालून दोनदा गेला होता.

चाचा सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मग तार दिसणार कशी?"

हा प्रश्न मला अजून आवडतो, कारण फोटो लहान करताना पहिला विचार हाच हवा: यातलं काय वाचलंच पाहिजे? बहुतेक जण फक्त माप बघतात. तंबोऱ्यात तारा वाचल्या पाहिजेत. उंच, सडपातळ वाद्य चौकोनात बसवायला गेलं की खुंट्या तरी कापल्या जातात किंवा भोपळा तरी, आणि २०१० पासून २०१५ पर्यंत इन्स्टाग्रामला चौकोनच चालायचा. आता उभी चौकट मिळते, तर ती पूर्ण वापरायची.

पुढच्या रविवारी भाच्यानं तंबोरा खिडकीजवळ काळ्या घोंगडीवर तिरपा ठेवला. तिरप्या रेषेवर त्याला दीडशेक ठिपके जास्त मिळाले. ऊन एका बाजूनं तारांवर पडेल असं बघितलं. चकाकणारी तार पॉलिशपेक्षा इतकी उजळ असते, की सरासरी काढूनही तिचा पांढरा धागा उरतो. हे बघायला मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चारही तारा एकदम उठून आल्या तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

दुसरा फोटो फक्त घोडीचा. तारेखाली सरकवलेला सुती दोरा, ज्याच्या जागेवर जवारीचा सगळा झणकार अवलंबून असतो, तो त्यात स्वच्छ दिसत होता. तिसरा खुंट्यांचा.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर त्यानं फोटो स्वतःच १०८० च्या रुंदीला आणले, म्हणजे ॲपला परत कापायला फार काही उरणार नाही. लहान केल्यानंतर हलकं शार्पनिंग दिलं, आधी नाही. रंग एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलले. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी राहिल्यामुळे पहिल्या फोटोतलं पॉलिश फोनवर मरगळलेलं दिसलं होतं. जेपेगची प्रत ८५ ठेवली. मोठी मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये गेली, कारण उद्या चाचांना कॅटलॉग छापायचा झाला तर १०८० ठिपके साडेतीन इंचांच्या पुढे नीट छापले जात नाहीत.

या वेळी मी फोटो चॅटवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडलं. फाइल जशी होती तशी पोहोचली.

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि करंगळीनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग दोन बोटांनी घोडीचा फोटो मोठा केला आणि दोऱ्यावर थांबले. "हा दोरा माझ्या हातचा आहे, हे ओळखू येतंय," ते म्हणाले, आणि मुलाला हाक मारून धारवाडच्या बाईंना तिन्ही फोटो पाठवायला सांगितले.