पुढे उभी नको, मागे पट्ट्यात

लेक अडीच वर्षांची झाली तेव्हा तिला पाळणाघरात सोडायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच पाळणाघर, तेव्हा स्कूटर आलीच. पुण्यात मूल स्कूटरवर कुठे असतं हे सांगायला नको. पायाशी, हँडल धरून उभं. सासूबाईही म्हणाल्या, "अगं, पुढे उभी कर, डोळ्यांसमोर राहते."

डोळ्यांसमोर राहते, खरंच. पण करकचून ब्रेक लागला की तोंड थेट मीटरवर आपटतं. शिवाय धरायला जागा शोधणारा हात नेमका अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने सिग्नलला असाच कान पिळला आणि गाडी पुढच्या रिक्षात घुसली. हनुवटीला टाके पडले.

मुलांसाठी वेगळा नियम आहे, हे मला तेव्हा कळलं. केंद्र सरकारने तो फेब्रुवारी 2022 मध्ये काढला आणि 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू केला. चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेसने चालवणाऱ्याशी बांधायचं, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा. चार वर्षांनंतर तर हेल्मेटचा कायदा मोठ्यांसारखाच. मोडला तर हजार रुपये दंड, वर तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

हेल्मेटच्या दुकानात हार्नेस नव्हताच. "ताई, हे कोणी मागतच नाही," म्हणत दुकानदाराने कार्टूनचं चित्र असलेलं हलकंफुलकं हेल्मेट पुढे केलं. लेकीच्या डोक्यावर ते भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. ते परत केलं, मापाचं घेतलं आणि हार्नेस ऑनलाइन मागवला.

हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात घालायचं जाड नायलॉनचं जाकीट. त्याचे दोन पट्टे माझ्या खांद्यांवरून दप्तरासारखे येतात. मूल मागे, माझ्या पाठीला टेकून बसतं. पहिले काही दिवस तिने रडून गोंधळ घातला, कारण मागून समोरचं काही दिसत नाही. खरा उपयोग कळला तो संध्याकाळी. दिवसभर खेळून दमलेली पोर गाडी सुरू होताच डुलक्या घेते आणि हेल्मेटच्या वजनाने एका बाजूला कलते. पट्टे नसतील तर मी एका हाताने तिला सावरणार आणि एका हाताने गाडी चालवणार. तशा कितीतरी आया रोज दिसतात.

चौकातल्या मामांनी याबद्दल मला आजवर हटकलेलं नाही. मोठ्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर लगेच पावती फाडतात, पोराकडे बघतही नाहीत. नियम कागदावर राहिला तो इथेच, असं माझं मत. मूल जन्मतं त्या इस्पितळातच हे सांगायला हवं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. दुचाकीवर चालवणारा आणि मागे एकच माणूस, असा कायदा आहे. त्यात लहान मुलाला सूट नाही. म्हणजे नवरा, मी आणि लेक मिळून गेलो तर ती ट्रिपल सीटच. त्यामुळे तिघांनी कुठे जायचं असेल तर आम्ही रिक्षा करतो, आणि खिशाला ते चांगलंच लागतं.

तुम्ही हार्नेस घेणार असाल तर 30 किलो वजन पेलेल असाच घ्या, आणि हेल्मेट घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या.